शाळा कोणी निवडायची? हुजूरपागेपासून पानशेतपर्यंत

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जे अडखळणं होतं ते काढून टाकलंय, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.

या भागाचा विषय एका प्रश्नातून आला. भोर-वेल्ह्याच्या डोंगराळ भागातल्या पालीहून एका ताईंनी व्हॉइस मेसेज पाठवला होता. (अष्टविनायकातलं पाली वेगळं, ते रायगड जिल्ह्यात. त्याचाही संबंध पुढे येणार आहे.) ताईंचं म्हणणं थोडक्यात असं: मुलांची शाळा आईबापांनी निवडायची असते असं सगळे सांगतात, पण आमच्याकडे एकच शाळा आहे आणि तीही पटसंख्येच्या यादीत अडकलेली. मग आम्ही निवडायचं काय?

मला वाटलं, या प्रश्नाचा इतिहास सांगायला हवा. कारण ‘पालकांचा हक्क’ आणि ‘घरची मूल्यं’ हे शब्द आपल्याकडे नवे नाहीत. अमेरिकेत आज बऱ्याच राज्यांत बिनसरकारी संस्था आहेत. कुटुंबमूल्यांचं रक्षण आणि शाळा निवडण्याचं स्वातंत्र्य ही दोन कामं त्या एकत्र करतात, राज्याच्या विधिमंडळावर दबाव आणतात. तिथल्या ‘व्हाउचर’च्या कल्पनेचं मूळ मिल्टन फ्रीडमन यांच्या 1955 च्या निबंधात सापडतं: सरकारनं पैसे शाळेला देण्याऐवजी पालकांच्या हाती द्यावेत आणि त्यांना हवी ती शाळा निवडू द्यावी. आपल्याकडे या नावाची संस्था नसेल, पण हाच वाद पुण्यात त्याच्या सत्तर वर्षं आधी पेटला होता. त्या वादात एक गोष्ट सारखी दिसते, आणि आजचा सगळा भाग तिच्याभोवती फिरणार आहे. ‘कुटुंब’ म्हणताना नेमकं कुटुंबातलं कोण, हे फारसं कुणी विचारत नाही. आणि ‘निवड’ म्हणताना निवडायला समोर दुसरं काही आहे का, हेही कुणी बघत नाही.

सकाळी सात ते दहा

पुण्यात 1880 साली न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि त्यांचे सहकारी. पाठोपाठ आगरकर आले, आणि 1884 साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी उभी राहिली. आता याकडे पालकाच्या नजरेनं बघा. तोवर मुलासाठी मुख्यतः सरकारी शाळा, नाहीतर मिशनऱ्यांची. आता आपल्या माणसांनी चालवलेली तिसरी शाळा आली. आजच्या भाषेत ही पालकांची निवड वाढली. सरकारनं अनुदान द्यावं आणि शाळा खासगी मंडळींनी चालवाव्यात, ही पद्धत 1854 च्या वुडच्या खलित्यापासून मान्य होती, त्यामुळे वाट मोकळी होती.

त्याच 1884 च्या 29 सप्टेंबरला पुण्यात मुलींसाठी हायस्कूल निघालं. वामन आबाजी मोडक, न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर, शंकर पांडुरंग पंडित ही त्यामागची माणसं. पेशव्यांच्या खाशा घोड्यांची पागा होती त्या जागी शाळा भरायला लागली म्हणून नाव पडलं हुजूरपागा. शाळा अकरा ते पाच. इंग्रजी, गणित, शास्त्र असे विषय.

1887 साली टिळकांच्या ‘मराठा’ साप्ताहिकातून या अभ्यासक्रमावर टीका सुरू झाली. मुद्दे काय होते? अकरा ते पाच शाळा असली तर मुलीनं घरचं काम कधी शिकायचं? शाळा तीनच तास ठेवा, सकाळी सात ते दहा किंवा दुपारी दोन ते पाच. मुलींना इंग्रजीची गरज नाही. मातृभाषा, धर्म-नीती, शिवणकाम, घरकाम पुरेसं आहे. म्हणजे शाळा बंद करा असं थेट म्हणणं नव्हतं, पण शाळेनं घराच्या वेळापत्रकाप्रमाणे चालावं असा आग्रह होता. आगरकर याच्या अगदी उलट टोकाला. 1888 पासून ‘सुधारक’मधून त्यांनी मांडलं की मुलामुलींना एकच शिक्षण द्यावं, आणि तेही एकत्र द्यावं.

इथे जरा थांबू या. टिळकांना नुसतं प्रतिगामी म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण त्यानं काही कळत नाही. ज्या माणसांनी मुलग्यांसाठी सरकारी शाळेला पर्याय उभा केला, त्यांच्याच बाजूनं मुलींसाठी आलेला पर्याय लहान करायची मागणी झाली. दोन्हीकडे युक्तिवाद एकच होता: आपल्या समाजाला, आपल्या घरांना जे हवं ते शाळेनं द्यावं. फरक एवढाच की मुलग्याच्या बाबतीत घराला हवी होती नोकरी आणि स्वाभिमान, मुलीच्या बाबतीत घराला हवा होता तिचा वेळ. अकरा ते पाच शाळेत असलेली मुलगी त्या वेळेत पाणी भरत नसते, धाकट्या भावंडाला सांभाळत नसते. ‘घरची मूल्यं’ या शब्दांमागे घरच्या कामाचा हिशोब असतो. पालीच्या ताईंना हे वेगळं सांगायला नको.

पालक म्हणजे कोण?

दुसरा प्रसंग जास्त अवघड आहे. पंडिता रमाबाईंनी 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन काढलं, मुख्यतः विधवांसाठी. 1890 साली ते पुण्यात आलं. पैसा अमेरिकेतून येत होता आणि रमाबाई स्वतः ख्रिस्ती झालेल्या होत्या, पण संस्था धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असं ठरलेलं होतं. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळात होते ते या भरवशावर. मग ‘केसरी’तून टीका सुरू झाली की मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, त्यांना ख्रिस्ती धर्माकडे वळवलं जातंय. 1893 च्या ऑगस्टमध्ये रानडे आणि भांडारकरांनी संबंध तोडला आणि बऱ्याच पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या.

पालकांची बाजू खोटी म्हणता येत नाही. मूल एका अटीवर ठेवलं आणि अट मोडतेय असं वाटलं, तर ते काढून घेणं हा त्यांचा हक्कच. आजही कुठल्याही पालकाला तो हवा असतो. 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातही आपल्या मुलांना कोणत्या प्रकारचं शिक्षण मिळावं हे ठरवण्याचा अग्रहक्क आईवडिलांना दिलेला आहे. म्हणजे ही मागणी काही मागासलेली नव्हे.

पण शारदा सदनातल्या मुलींचे ‘पालक’ कोण होते? कुणाचा सासरा, कुणाचा दीर, कुणाचा बाप. बालपणी लग्न झालेली, नवरा गेलेली, केशवपनाच्या भीतीत असलेली मुलगी. तिच्या वतीनं तिला नेणारा तो पालक. तिला स्वतःला तिथे राहायचं होतं की नाही, हा प्रश्न त्या सगळ्या पत्रव्यवहारात आणि अग्रलेखांत कडेला राहिला. रमाबाईंनी अटीचा भंग केला की नाही यावर अजूनही वाद घालता येईल. तिच्या इच्छेची नोंद झाली नाही, यावर घालता येणार नाही.

याच सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी होती गोदूबाई. 1893 च्या 11 मार्चला, म्हणजे सदनाच्या बरोबर चौथ्या वाढदिवशी, त्यांचं धोंडो केशव कर्वे यांच्याशी लग्न झालं. त्या आनंदीबाई झाल्या, पुढे लोक त्यांना बाया कर्वे म्हणून ओळखू लागले. आणि कर्व्यांनी 1896 साली विधवांसाठी आश्रम काढला, जो 1900 मध्ये हिंगण्याला गेला.

कर्व्यांनी काय केलं ते बघण्यासारखं आहे. ज्या घरांना शारदा सदनाची भीती वाटत होती, त्यांच्यासाठी त्यांनी हिंदू चालीरीती सांभाळणारी जागा तयार केली. पुढे 1916 साली महिला विद्यापीठ काढलं ते मराठी माध्यमाचं, जपानमधल्या महिला विद्यापीठावरून कल्पना घेऊन. घरसंसाराशी निगडित विषय त्यात मुद्दाम ठेवले. आई आणि गृहिणी म्हणून स्त्री शिकली पाहिजे, ही भाषा त्यांनी वापरली. आजच्या स्त्रीवादी नजरेला ती खटकते, आणि खटकायलाच हवी. पण त्या भाषेमुळे किती दारं उघडली तेही मोजा. जे वडील मुलीला अकरा ते पाच इंग्रजी शाळेत पाठवणार नव्हते, ते हिंगण्याला पाठवायला तयार झाले. ‘कुटुंबमूल्यं’ हा शब्द दार लावायलाही वापरता येतो आणि उघडायलाही. बघायचं ते एवढंच, की शेवटी मुलगी दाराच्या कुठल्या बाजूला उभी राहिली.

त्याची किंमतही होती. या विद्यापीठाच्या पदव्यांना सरकारमान्यता नव्हती. कायद्यानं विद्यापीठाचा दर्जा मिळायला स्वातंत्र्यानंतरची 1951 ची वेळ आली. 1920 साली विठ्ठलदास ठाकरसी यांनी 15 लाख रुपये दिले नसते, तर हा पर्याय कागदावरच राहिला असता.

दंड एक रुपया

आता तिसरी गोष्ट. निवडीच्या उलट वाटणारी: सक्ती.

महात्मा फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. त्यात त्यांनी मागितलं की प्राथमिक शिक्षण किमान बारा वर्षं वयापर्यंत सक्तीचं करा. रयतेच्या करातून खजिना भरतो आणि खर्च वरच्या वर्गांच्या शिक्षणावर होतो, ही त्यांची तक्रार होती. म्हणजे हुजूरपागेच्या दोन वर्षं आधी फुले वेगळाच प्रश्न विचारत होते. ज्यांच्या गावात शाळाच नाही, त्यांच्या निवडीचं काय?

गोखल्यांनी 16 मार्च 1911 रोजी प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. ते फार सावध होतं. जिथे आधीच ठरावीक प्रमाणात मुलं शाळेत जातात, अशाच भागात सक्ती करता येणार होती. महिना दहा रुपयांपेक्षा कमी मिळकत असलेल्या घराकडून फी घ्यायची नाही, अशी तरतूद होती. तरी 19 मार्च 1912 रोजी ते 38 विरुद्ध 13 मतांनी पडलं. विरोधात सरकारी सभासद होते तसे आपलेही होते. शेतावर, गुराढोरांमागे कामाला हात कमी पडतील, ही भीती त्या काळी उघड बोलली जायची.

जे कौन्सिलमध्ये जमलं नाही ते एका राजानं करून दाखवलं. छत्रपती शाहू महाराजांनी 1917 साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मूल शाळेत घातलं नाही तर पालकाला महिना एक रुपया दंड. त्या वेळी मजुराला तो रुपया जड होता. यात सरळ घरात हात घातलेला आहे. पण दंडाआधी शाळा काढायची, मास्तर नेमायचा, खर्चाची तरतूद करायची, हा त्या हुकुमाचा पहिला अर्धा भाग होता. शाळा न देता दंड लावला असता तर तो जुलूम झाला असता.

मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नानं 1918 साली कायदा झाला आणि नगरपालिकांना सक्ती लागू करायची मुभा मिळाली. पुण्यात लगेच वाद: सक्ती मुलग्यांना आधी की मुलामुलींना बरोबर? पैसे कमी आहेत, आधी मुलगे, असं टिळकपक्षाच्या मंडळींचं म्हणणं. रमाबाई रानडे आणि सेवासदनच्या बायकांनी रस्त्यावर उतरून मुलींचा आग्रह धरला. तेहतीस वर्षांपूर्वीचा सात-ते-दहाचाच वाद हा, फक्त आता कारण घरकामाऐवजी तिजोरीचं होतं. कमी पैशात कुणाला आधी, या प्रश्नाचं उत्तर घर आणि नगरपालिका एकसारखंच देत होती.

संस्थानाची हद्द

आता पालीकडे वळू. 1918 चा कायदा नगरपालिकांपुरता होता, 1923 चा कायदा ग्रामीण भागातही नेता येण्यासारखा. पण दोन्ही ब्रिटिश मुलखातले. भोर-वेल्ह्याचा मोठा भाग होता पंतसचिवांच्या भोर संस्थानात. या संस्थानाचे पाच तालुके होते: विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि सुधागड. चार नावं किल्ल्यांची आहेत. प्रचंडगड म्हणजे तोरणा. आणि सुधागड तालुक्याचं ठाणं म्हणजे ते गणपतीचं पाली. दोन्ही पालींचा संबंध आला तो असा.

त्यामुळे पुण्याच्या कौन्सिल हॉलमध्ये जे संमत व्हायचं ते तोरण्याच्या पायथ्याला आपोआप लागू होत नव्हतं. शिक्षणाचं पान संस्थानाच्या मर्जीवर. 8 मार्च 1948 रोजी भोर मुंबई राज्यात विलीन झालं, तेव्हा 1947 चा मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा या भागापर्यंत यायला वाट मिळाली. नंतरच्या पिढ्यांनी झेडपीची शाळा पाहिली ती यानंतरची. भिंती आधी गावकऱ्यांच्या श्रमाच्या, मग सरकारी.

मग धरणं आली. पानशेत, वरसगाव. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं ते पुण्याच्या आठवणीत आहे. पण धरणाच्या वरच्या अंगाला राहिलेल्या वाड्यांच्या आठवणीत वेगळंच आहे. पाण्यानं वाटा तुटल्या, समोर दिसणारं गाव वळसा घालून लांब गेलं. नकाशावरचं सरळ अंतर आणि मुलाच्या पायाखालचं अंतर यांतली तफावत इथे सुरू होते.

वीस मुलं आणि एक किलोमीटर

2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं मूल शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य म्हटलं (कलम 10), पण दंड ठेवला नाही. शाहू महाराजांचा रुपया गेला. जबाबदारी मुख्यतः सरकारवर आली. महाराष्ट्राच्या 2011 च्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत. पण त्याच नियमात एक अट आहे: त्या वयाची किमान वीस मुलं उपलब्ध असावीत.

डोंगरातल्या वाडीत वीस मुलं कुठून येणार? तरुण जोडपी शिरवळ, खेड शिवापूर, पुण्याला कामाला गेलेली.

21 सप्टेंबर 2023 ला राज्याच्या शिक्षण आयुक्तालयानं कमी पटाच्या शाळांचं एकत्रीकरण करून ‘समूह शाळा’ उभारण्याचे प्रस्ताव मागवले. नमुना म्हणून दोन नावं दिली: नंदुरबारमधलं तोरणमाळ आणि आपलं पानशेत. परिसरातल्या वाड्यावस्त्यांवरच्या लहान शाळा एकत्र करून, मुलांना गाडीनं आणून, एक मोठी शाळा. राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा तेव्हा 14 हजार 700 च्या वर होत्या, आणि त्यांत सुमारे 1 लाख 85 हजार मुलं.

समूह शाळेच्या बाजूनं बोलण्यासारखं खूप आहे. चार मुलांच्या वर्गात एकच शिक्षक चार इयत्ता शिकवतो, खेळायला संघ होत नाही. मोठ्या शाळेत प्रयोगशाळा असते, सोबती असतात. अनेक आईबापांना हे पटतं आणि ते आनंदानं मूल पाठवतात. ही त्यांची निवड आहे, ती कुणी हिणवू नये.

पण पावसाळ्यात दरड आली, गाडी आली नाही, ड्रायव्हरचा पगार थकला, तर? जवळची शाळा बंद झालेली असली तर परतायला जागा नाही. अशा वेळी घरात कोण आधी थांबतं? इतिहास बघितला तर उत्तर अवघड नाही. गाडीत एकटी पाठवायची भीती मुलीच्या बाबतीत वाटते, मुलग्याच्या बाबतीत कमी. अकरा ते पाचचा वाद आता गाडीच्या वेळापत्रकात येऊन बसतो.

आणखी एक ताजी गोष्ट. शिक्षण हक्क कायद्यात खासगी शाळांमध्ये 25 टक्के जागा गरीब आणि वंचित घरांतल्या मुलांना आहेत. 9 फेब्रुवारी 2024 ला राज्य सरकारनं नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला या जागा द्यायची गरज नाही. पालक न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयानं मे महिन्यात स्थगिती दिली आणि 19 जुलै 2024 ला तो बदल रद्द केला. गरीब घराच्या निवडीचा हा अलीकडचा सगळ्यात मोठा विजय.

आता हे दोन निर्णय शेजारी ठेवा. शहरात सरकार म्हणालं, जवळ सरकारी शाळा आहे ना, मग दुसरी कशाला? डोंगरात सरकार म्हणालं, जवळची शाळा लहान आहे ना, मग लांबची घ्या. दोन्हीकडे एक किलोमीटरचा नियम मध्ये आहे. पहिल्या ठिकाणी तो निवड कमी करायला वापरला, दुसऱ्या ठिकाणी त्याला बाजूला सारलं.

ताईंना उत्तर

ताई, मला जे वाटतं ते सांगतो. शाळा निवडण्याचा हक्क खरा असायला तीन गोष्टी लागतात. पहिली, चालत जाता येईल अशी एक शाळा, जी कुणाच्याही यादीतून कटणार नाही. ती असेल तरच दुसरी शाळा हा पर्याय होतो, नाहीतर ती नुसती बदली असते. दुसरी, निवड करताना घरात ज्याला शाळेत जायचंय त्याचं, आणि विशेषतः तिचं, म्हणणं विचारलं जावं. शारदा सदनात ते झालं नाही. तिसरी, निर्णय लेखी व्हावा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या सभासद बायका असायला हव्यात, हे कायद्यात आहे. एकत्रीकरणाचा विषय आला तर समितीचा ठराव करा, त्यात गाडीची हमी, पावसाळ्यातली सोय आणि शाळा परत सुरू करायची अट लिहा. आणि त्या सभेला आईनं सही करण्यापुरतं नाही, बोलायला जावं.

पुढच्या भागात हिंगण्याच्या आश्रमातल्या दिनक्रमाबद्दल बोलू. या भागाबद्दल तुमचं म्हणणं, आणि तुमच्या वाडीतली शाळा किती पटाची आहे, हे नक्की कळवा.